कुरणातला बेसबॉल

कॉव्हेंट्रीत राहायला गेलो, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमची लेक बेसबॉल खेळायला लागली. क्रिकेटच्या देशात येऊन पोरीने नेमका हाच खेळ उचलावा, याचं माझ्या नवऱ्याला फार वाईट वाटलं. पहिल्याच मॅचला तिने चेंडू मस्त टोलवला आणि बॅट हातात घेऊनच धावत सुटली, कारण बाबांनी तसंच शिकवलं होतं. हा बाहेरून "बॅट टेकव, बॅट टेकव" करत नाचतोय, टीममधली पोरं बॅट टाकून दे म्हणून ओरडतायत, आणि ती मधल्यामध्ये गोंधळून उभी. अर्थात आउट झाली. कोच हसत आला आणि नवऱ्याला म्हणाला, ओरडायचंच असेल तर मुलीचं नुसतं नाव घेऊन ओरडा, बाकीचं मी बघतो. माझ्या नवऱ्याला गप्प करू शकणारी माणसं फार थोडी. मला कोच तेव्हाच आवडला.

कोच म्हणजे शहराबाहेरचा एक शेतकरी. आजोबांपासून चालत आलेला गाईंचा गोठा, दूध मोठ्या डेअरीला जायचं. बेसबॉल त्याला सासरहून मिळाला होता. बायको कॅनडाची, सासरा बेसबॉलवेडा, आणि जावईबापू सासऱ्यावर छाप पाडायला म्हणून हा खेळ शिकले ते कायमचेच. आधी स्वतःच्या मुलांना शिकवलं. ती मोठी होऊन घराबाहेर पडली, तर हा आसपासच्या शाळांमधली पोरं गोळा करायला लागला. गोठ्यामागच्या कुरणाचा एक तुकडा त्याने गवत कापून मैदानासारखा केला होता. बेस म्हणून गोठ्यातल्या जुन्या रबरी मॅट कापून टाकलेल्या. प्रॅक्टिस शुक्रवारी संध्याकाळी, तीही गाईंचं दूध काढून झाल्यावर. एकदा मॅच ऐन रंगात असताना एक गाय विताना अडली असं कळलं, तर हा पठ्ठ्या ग्लोव्ह बायकोच्या हातात देऊन पळाला. उरलेली मॅच बायकोने खेळवली. तिला आम्ही दोघं घरात कोचीणबाई म्हणायचो.

मला मात्र बेसबॉलपेक्षा गोठ्यात जास्त रस होता. खरवस खाऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि दुकानातल्या मिल्क पावडरचा खोटा खरवस मला चालत नाही. एकदा धीर करून कोचला विचारलं, गाय व्यायली की तिचं पहिलं दूध, आमच्याकडे त्याला चीक म्हणतात, ते थोडं मिळेल का? मला वाटलं, बाई वेडी आहे म्हणेल. तर त्याचा चेहराच खुलला. त्याची आजी त्याच दुधाचं पुडिंग करायची म्हणे. पुढची गाय व्यायली की पहिला कॅन तुमचा, असं त्याने स्वतःहून कबूल केलं.

जूनमध्ये गाय व्यायल्याचं लेकीकडून कळलं. मी वेलची कुटून ठेवली आणि फोन केला. तो म्हणाला, "नाही. या आठवड्यात नाही." आणि फोन ठेवून दिला.

मी चिडले. राग तसाही माझ्या नाकावर असतो. नाही द्यायचं तर नका देऊ, पण बोलायची काही रीत? शुक्रवारी लेकीला मैदानाच्या फाटकाशी सोडायचं आणि गाडीतून उतरायचंच नाही, असं मी ठरवलं. पण फाटकाशी कोचीणबाई उभी होती. माझा चेहरा बघून तिने ओळखलं आणि बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

मंगळवारी गाईंची टीबीची टेस्ट झाली होती. मानेत इंजेक्शन द्यायचं आणि तीन दिवसांनी सूज बघायची. जिला सूज जास्त, ती गाय मारायला न्यायची. निकाल लागेपर्यंत कच्च्या दुधाचा थेंबही कुणाच्या घरी जाऊ द्यायचा नाही, हा कोचचा स्वतःचा नियम, आणि घरात लहान मूल असेल तिथे तर नाहीच. गेल्या वर्षी अशाच टेस्टमध्ये त्यांच्या कितीतरी गाई गेल्या होत्या. त्या ट्रकमध्ये चढवायला तो स्वतः उभा होता. यंदा एक जरी निघाली तरी मी सगळ्या विकून टाकणार, पुन्हा हे बघायची ताकद माझ्यात नाही, असं त्याने बायकोला सांगून ठेवलं होतं. मग शेत विकायचं, म्हणजे मैदानही गेलं. पोरांनाही हे ठाऊक होतं. व्हेट आत्ता गोठ्यात गाई तपासत होता.

माझा राग कुठल्या कुठे गेला. खरवस पुढे यथावकाश झालाच, पण त्या संध्याकाळी मला खाण्यापिण्याचं काही सुचत नव्हतं. मी गवतावर बसले. कोचीणबाई पोरांना खेळवत होती, पण तिचं लक्ष गोठ्याकडे होतं. गाय तपासायला पिंजऱ्यात घेतली की लोखंडी दार वाजायचं, सोडली की पुन्हा वाजायचं. नवरा ऑफिसातून थेट आला, मी त्याला सगळं सांगितलं, आणि तोही त्या दिवशी एकदाही ओरडला नाही.

दार वाजायचं थांबलं. बऱ्याच वेळाने गोठ्याच्या कोपऱ्यावरून कोच बाहेर आला. कुरणाच्या त्या टोकाला थांबला, आमच्याकडे बघितलं आणि दोन्ही हात बाजूला लांब पसरले, तळवे जमिनीकडे.

आपल्याकडे माणूस असे हात पसरतो तो काहीच उरलं नाही हे सांगायला. नवऱ्यानेही तसंच घेतलं असणार, कारण तो हळूच म्हणाला, "संपलं गं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि मैदानात एकच कल्ला झाला. पोरं टोप्या उडवत होती, एकमेकांच्या अंगावर पडत होती. आमची लेक धावत आली, माझं तोंड बघून चकित झाली.

"आई, रडतेस काय? ती सेफची साइन आहे, अंपायर देतो ना, ती. सगळ्या गाई सेफ आहेत!"

खेळाडू बेसवर वाचला की अंपायर असेच हात पसरतो. मी ते कितीदा पाहिलं होतं, पण त्या वेळी मला अंपायर दिसलाच नव्हता. मी लेकीला घट्ट धरून हसतही होते आणि रडतही होते, आणि इतकं हलकं मला इंग्लंडात आल्यापासून वाटलं नव्हतं.

कोच तिथेच उभा होता, हात तसेच पसरलेले. पोरं त्याला हाका मारत होती तरी तो हात खाली घेईना. कोचीणबाई सगळं मैदान ओलांडून पळत गेली आणि त्या हातांत शिरली, तेव्हाच ते मिटले.