दुसऱ्या मॅचला घरी

माझी शाळा चौथीपर्यंत. त्यातली दोन वर्षं मेंढरांमागंच गेली, तेव्हा दुसरीपर्यंतच धरा. पण वाचायचं मला कुणी शिकवू नये. कागदावरचं नाही म्हणत मी, जमिनीवरचं. सांगोल्याच्या माळावर माझा बाप खुराचा ठसा बघून सांगायचा, हे मेंढरू परवा लंगडणार. मेंढरू तर चांगलं पळत असायचं. पण लंगडायच्या दोन दिवस आधीच ते त्या पायावर भार टाकायचं चुकवतं. माणसाला फसवतं, मातीला फसवता येत नाही. मला हे यायला सात-आठ वर्षं लागली आणि बापाच्या काठीचे बरेच फटके.

बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली आणि मी सोलापूरला आलो. शुक्रवार पेठेत एक खोली घेतली आणि एका कॉलेजात मैदानावरचा शिपाई म्हणून लागलो. बास्केटबॉलचं मैदान मुरमाचं होतं. मुरूम पसरायचा, दगडी रोलर फिरवायचा, चुन्याच्या फक्कीनं रेघा मारायच्या, सगळं माझ्याकडं. दुपारी पाणी मारून ठेवलं की संध्याकाळी पोरं खेळायची. सकाळी खराटा घेऊन गेलो की आदल्या दिवसाचा सगळा खेळ मुरमावर उमटलेला असायचा. कोण उडाला, कोण नुसताच पळाला, कोण दमून उभा राहिला. बघून घ्यायचं आणि झाडून टाकायचं.

पहिल्या वर्षी मी कॅन्टीनवाल्याला सहज म्हणालो, "ही टीम पहिल्याच मॅचला घरी येणार. उडी मारून उतरताना समद्यांच्या टाचा आधी टेकत्यात." तशीच आली. दुसऱ्या वर्षी प्राध्यापक लोकांनीच विचारलं, "मामा, यंदा कुठवर?" मी तिशीचा होतो, पण कॉलेजात शिपायाला मामाच म्हणतात. मी सांगितलं, "फायनलच्या अलीकडच्या मॅचपातुर." बरोबर तिथंच हरले. मग तो रिवाजच पडला. पावसाळ्यात प्रॅक्टिस सुरू झाली की आठ दिवसांनी कॅन्टीनमध्ये क्लार्क, प्राध्यापक, झालंच तर लॅबमधला माणूस, सगळे जमायचे. मला बसायला खुर्ची मिळायची. चहा यायचा. मी तो बशीत ओतून सावकाश प्यायचो आणि बशी रिकामी झाल्याशिवाय तोंड उघडायचो नाही. वर्षभर ज्यांच्या खोल्या झाडायच्या, ती माणसं तेवढा वेळ माझ्या तोंडाकडं बघत बसायची. ती पाच मिनिटं मला पगारापेक्षा मोठी होती.

टीममध्ये एक लांबोडा पोरगा होता. पूर्व भागातल्या विणकराचा. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. किरमिचाचे बूट मॅचला राखून ठेवायचा आणि प्रॅक्टिस अनवाणी करायचा. त्यामुळं त्याची पावलं मला पाटीवरच्या अक्षरासारखी दिसायची. रोज सकाळी कॉलेजात शिरला की आधी माझ्याकडं यायचा.

"मामा, काल कसा होतो?"

"उडी चांगली हाय. पर रिंगखाली घुटमळतोस. दोनदा पाय जाग्यावर फिरवलास."

"व्हय की! कसं कळलं?"

मी काही सांगायचो नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी तो घुटमळायचा नाही. एवढ्या उंच पोराला माझ्यासारखा चौथी शिकलेला माणूस खेळ सांगतोय आणि तो ऐकतोय, हे मी घरी जाऊन बायकोला रोज सांगत असे. ती कंटाळून जायची.

पाचव्या वर्षी खेळाचा नवीन सर आला. पुण्याकडचा. डिग्री घेतलेला, गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट, हातात वही. वहीत प्रत्येक पोराचं पान. किती बॉल टाकले, किती आत गेले, कुठून टाकले, सगळं लिहायचा. तोंडावर मी त्याला सर म्हणायचो. मनात कधी म्हणालो नाही, आणि इथंही म्हणणार नाही. इथं तो 'तो'च.

आल्याच्या चौथ्या दिवशी तो सकाळी मैदानावर आला. "मामा, पोरं सांगतात, तुम्हाला पावलांवरून खेळ कळतो. मला दाखवा ना एकदा."

मी म्हणालो, "ते दावून येत न्हाय सर. त्येला मेंढरांमागं जन्म काढावा लागतुय."

तो हसला. वाईट नाही हसला. "बरं," म्हणाला आणि वही उघडून निघून गेला.

आठ दिवसांत लांबोड्यानं माझ्याकडं यायचं बंद केलं. सकाळी आता तो वहीजवळ उभा असायचा, मान खाली घालून, बोटानं आकडे दाखवत. माझ्यासमोरून जाताना हात वर करायचा. पोरगा माझ्यावर रुसला असता तर मला चाललं असतं. तो रुसला नव्हता, विसरला होता.

मग तो कॅन्टीनचा दिवस आला. खुर्ची मिळाली, चहा आला. मी बशीत ओततोय तोवर हेडक्लार्कनं माझ्याऐवजी त्याला विचारलं, "काय सर, यंदा कुठवर?"

"फायनल," तो पटकन म्हणाला. ना चहा, ना थांबणं. बाजारात भाव सांगावा तसा.

सगळ्यांनी माना हलवल्या आणि मग माझी आठवण झाली. "आणि मामा, तुमी?"

आता खरं सांगतो. त्या आठ दिवसांत मुरमानं मला दाखवलं होतं की अशी टीम या मैदानावर झाली नव्हती. पाचही पोरं चवड्यावर उतरत होती. कुणाची टाच खोल नाही, कुणाचं पाऊल फरपटलेलं नाही. फायनल मला त्याच्याआधी दिसली होती. पण त्यानं उच्चारलेला शब्द मी परत कसा उच्चारू? मी बशी खाली ठेवली आणि म्हणालो, "दुसऱ्या मॅचला घरी."

"का हो मामा? काय दिसलं?" त्यानं विचारलं. खरंच विचारत होता.

"दिसलं ते दिसलं," मी म्हणालो.

पहिली मॅच बार्शीला होती. टीम हरावी म्हणून नारळ फोडणारा माणूस मी नव्हे. पण त्या दिवशी सिद्धेश्वराच्या देवळावरून गेलो, आणि दर वर्षी टीमसाठी जोडायचो ते हात जोडले नाहीत. पोरं जिंकून आली. दुसरी मॅच आमच्याच मैदानावर, मी मारलेल्या रेघांत. मी पाण्याच्या टाकीजवळ उभा राहून बघितली. लांबोडा असा खेळला की बघणाऱ्यांचे घसे ओरडून ओरडून बसले. जिंकले.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनवाला भजी तळता तळता मोठ्यानं म्हणाला, "काय मामा, दुसरी झाली की! पोरं घरी कवा जाणार? का घरची वाट फायनलवरनं जातीया?"

"मी म्हणलो ती बाहेरगावची दुसरी," मी म्हणालो. "ही घरची झाली."

"व्हय व्हय. आन् बाहेरगावची जिकली की म्हणशीला, मंगळवेढ्याची ऱ्हायली!"

सगळे हसले. कोपऱ्यात तो बसला होता, तो हसला नाही. त्याचा मला आणखी राग आला.

तिसरीही जिंकले. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. खांद्यावरून उतरल्यावर तो सरळ माझ्याकडं आला आणि म्हणाला, "मामा, मैदान झकास ठेवलंत." मला मैदानाचं कौतुक नको होतं. मला जे हवं होतं ते त्याच्याजवळ होतं, आणि ते तो हातात वही घेऊन फिरावं तसं घेऊन फिरत होता. त्याला ठाऊकही नव्हतं.

फायनल आमच्याच मैदानावर होती. चार दिवस राहिले होते. सकाळी खराटा घेऊन गेलो आणि रिंगखाली थांबलो. लांबोड्याचं डावं पाऊल. बोटांची खूण होती, टाच नुसती लागलेली. उडत होता उजव्यावर आणि उतरतही होता उजव्यावरच. डावा पाय पाहुण्यासारखा कडेला टेकत होता. पोरगा दुखणं लपवत होता. लपवणारच. खेळतोय तोवर बाप त्याला मागावर उभा करणार नव्हता, हे त्यानंच मला एकदा सांगितलं होतं.

तो वही घेऊन साडेसहाला यायचा. रोज मी लांबच्या कडेपासून झाडत यायचो आणि रिंग शेवटी घ्यायचो. त्या दिवशी मी रिंगखालून सुरुवात केली. तो आला तेव्हा तिथं नुसते खराट्याचे ओरखडे होते.

दुसऱ्या दिवशी तेच केलं. पाऊल आणखी हलकं झालं होतं. तिसऱ्या दिवशी तर तो यायच्या आत मी पाणीसुद्धा मारून टाकलं. मनात एकच, वही हाय की त्येच्याजवळ, वहीत बघंल. पोराचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं, हे मी कुणाच्याही पुढं सांगीन. वही खोटी पडावी, एवढंच होतं. पण मोडणारा पाय वहीला नव्हता, पोराला होता.

फायनलला हाफ टाइमपर्यंत आमची टीम पुढं होती. नंतर रिंगवरून परतलेला बॉल घ्यायला लांबोडा उडाला, आणि गर्दीत त्याला उजव्यावर उतरायला जागा मिळाली नाही. डाव्यावर आला. मी टाकीजवळ होतो. बघणाऱ्यांना तो घसरला असं वाटलं, मला नाही वाटलं. गुडघा धरून तो मुरमावर पडला आणि तेलुगूत आईला हाक मारत राहिला. पुण्याचा तो धावत गेला, वही वाटेत टाकून. चौघांनी उचलून पोराला बाहेर नेलं. उरलेले शेवटपर्यंत झुंजले आणि एका बास्केटनं हरले.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये सीझनचा निकाल लावायला सगळे जमले. हेडक्लार्क म्हणाला, "गेल्या साली अलीकडंच राहिलो, यंदा फायनल खेळलो. सरांनी सांगितलं तस्संच झालं." एका प्राध्यापकानं मान डोलवली, "अपेक्षेप्रमाणं." कॅन्टीनवाला म्हणाला, "मामा दुसरी म्हणले हुते." त्यावर कुणी हसलंही नाही, बोलणं पुढं गेलं. मी एवढं केलं, तरी शब्द त्याचाच खरा झाला होता.

पण तो म्हणाला, "नाही. सीझन वाईट गेला. मी फायनल म्हणालो ते पोरं धड राहतील असं धरून. एक पोरगा गेला. तो कशात धरायचा?" मग माझ्याकडं वळला. "मामा, तुम्ही रोज सकाळी बघता. त्याचा पाय तुम्हाला दिसला नव्हता?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तसेच, बशी रिकामी व्हायची वाट बघायचे तसे. दिसला नाही म्हणालो तर सुटलो असतो, माणूस म्हणून चांगला राहिलो असतो. पण मग इतकी वर्षं जे सांगितलं तो वाऱ्यावरचा अंदाज ठरला असता, आणि बापाच्या काठीचे फटकेही फुकट. मी म्हणालो, "दिसला हुता."

"कधी?"

"चार दिवस आधी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं न्हाय."

वाटलं, हा आता प्रिन्सिपॉलकडं जाणार आणि माझी नोकरी जाणार. जाऊ दे म्हणालो मनात. पण तो म्हणाला, "खरं आहे. एकदा-दोनदा विचारून मी सोडून दिलं. परत विचारायला हवं होतं." आणि उठला. दारातून म्हणाला, "उद्यापासून झाडायच्या आधी मला हाक मारत जा."

त्यानं शिवी दिली असती तर मी परत दिली असती. मी हाक मारली नाही. महिना-दीड महिना अंधारातच झाडून मोकळा व्हायचो.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी लांबोडा काठी टेकत प्रॅक्टिस बघायला आला. मैदान ओलांडून पलीकडच्या बाकावर जाऊन बसला. मला बघून हात वर केला, पहिल्यासारखाच. कुणी त्याला काही सांगितलं नव्हतं वाटतं. पुढं तो बरा झाला, चालायला लागला, पण उडी त्यानं परत कधी मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो, तर पुण्याचा तो माझ्याआधी येऊन मैदानात उकिडवा बसलेला. वही नव्हती. त्याच्या पुढं मुरमावर एक भरलेलं पाऊल, एक हलकं, आणि शेजारी काठीचं गोल भोक. पुन्हा पाऊल, पाऊल, भोक. बाकापर्यंत तसंच.

"हे मलाही वाचता येतं मामा," तो म्हणाला. "बाकीचं येत नाही."

मी खराटा घेऊन उभा राहिलो. माझ्याजवळ दुसरं काय होतं? हे एकच होतं, ते बापाकडून आलेलं. आणि पुण्याचा, डिग्रीवाला, ज्यानं माझी खुर्ची नेली, माझा पोरगा नेला, तो ते मागत होता. मग खराटा खाली ठेवला आणि त्याच्या शेजारी बसलो.

"टाच नका बघू सर," मी म्हणालो. "आंगठा बघा."

त्या दिवशी तेवढंच सांगितलं. सगळं काय एकदम द्यायचं असतं?