दुष्काळातली एकच भाकरी

आमच्या कळवणकडच्या गावात सिनेमावाले आले तेव्हा सगळ्यांत जास्त मीच नाचले, हे आधीच सांगून टाकते. सिनेमा दुष्काळाचा. एक गरीब आई, तिची लहान पोर, घरात दाणा नाही, असा. आई म्हणजे मुंबईची नटी. पोर मात्र गावातलीच हवी होती, आणि त्यांना पसंत पडली माझी नात. चार वर्षांची, मुळातच काटकुळी. माझी लेक नाशिकला नोकरीला, म्हणून पोरगी माझ्याजवळ. लेकीला फोन केला तर म्हणाली, "आई, तू तिच्याजवळ थांबणार असशील तर हो म्हण." मी म्हटलं, "मी नाही तर कोण थांबणार ग?"

बहात्तरच्या दुष्काळात मी आठ-नऊ वर्षांची, आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायचे. त्यामुळे काही विचारायचं तर मलाच, असं डायरेक्टरने ठरवून टाकलं. मग काय, माझे पाय जमिनीवर राहतात होय! नटीचं लुगडं मी मळवून दिलं. बायका कुंपणापाशी खिदळत होत्या, "काकू, तिच्या गालाला बी राख लावा. दुष्काळात लय गुबगुबीत दिसती!"

भाकरीही मीच केली. जुनी, काळी पडलेली ज्वारी कोंड्यासकट दळली. डायरेक्टर म्हणाला, "आजी, अशा दहा-बारा करून ठेवा, लागतील." मी म्हटलं, "दुष्काळात दुसरी भाकरी कुठून येणार रे बाबा?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी एकच केली. वर आणखी शहाणपणा, "पोट भरलेलं पोर भाकरीकडे बघत नसतं. सकाळी हिला दूधसुद्धा देऊ नका."

प्रसंग एवढाच, की आई शेवटची भाकरी पोरीच्या हातात देते आणि पोर ती तोंडाला लावते. लावली की कट.

पहिल्यांदा नटीच्या डोळ्यांत पाणीच आलं नाही. भाकरी परत घ्यायची, तर पोरगी कुणाला देईना. डायरेक्टर म्हणाला, "आजी, तुम्ही घ्या, तुमच्याकडे देईल." दिली तिने. दुसऱ्यांदा मागे ट्रॅक्टर वाजला. तिसऱ्यांदा शेळी मध्ये आली. सिनेमावाल्यांतली एक मुलगी मोबाइलमधला भाकरीचा आधीचा फोटो बघून बजावायची, "तुकडासुद्धा कमी व्हायला नको हं, दुसरी नाहीये." म्हणून पोरीने चावा घेतला की मी तिच्या दाताखाली बोट घालून घास काढायचे आणि ओल्या पिठाने जागच्या जागी चिकटवायचे.

"आजी, एकच घास दे ना."

"थांब माझी बाय, झालंच आता."

मी हळूच एक बिस्कीट मागितलं. डायरेक्टर हसला, "आजी, तुम्हीच म्हणालात ना, पोट भरलं की बघणार नाही?" पुढच्या वेळी पोरीने भाकरी पोटाशी धरली, सोडेचना. सगळे बघत होते, माझ्यामुळे काम अडलेलं. मी तिच्या हातावर चापट मारली आणि भाकरी ओढून घेतली. माझ्या आईने माझ्यावर कशाकशावरून हात उचलला असेल, पण बहात्तरातही खाण्यावरून कधी नाही.

दुपार कलली. पुन्हा नटीने भाकरी दिली. पोरीने घेतली, पण तोंडाला लावलीच नाही. रडलीही नाही. हात लांब करून भाकरी परत पुढे केली. समोर नटी होती, तिच्या पाठीमागे मी उभी होते. पोर बघत होती माझ्याकडे. नटीला खरंच हुंदका फुटला. डायरेक्टर ओरडला, "ओके! कमाल केली पोरीने!"

मी धावत गेले. "खा आता, सगळी खा." तिने दात घट्ट मिटून घेतले. दुधाचा पेलाही माझ्या हातून घेतला नाही. शेवटी शेजारणीने पाजलं.

सिनेमा लागला तेव्हा लेकीने आम्हाला नाशिकला नेलं. तो प्रसंग आला आणि आजूबाजूच्या बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. पडद्यावर भुकेली पोर आपली भाकरी आईला देत होती. नटीच्या मागची मी दिसतच नव्हते. नात लेकीच्या मांडीवर झोपून गेली होती.

लेक रडतच कानाशी आली, "आई, एवढीशी ग ती. हे तिला कुणी शिकवलं?"

"मीच," मी म्हटलं.

अंधारात लेकीने कौतुकाने माझा हात दाबला.