अडचण
इथं परमुलखात उसाच्या वाढ्यांचा, जनावरांना घालतात त्या हिरव्या शेंड्यांचा, वास आला की दुष्काळात आमच्या साखर कारखान्यानं काढलेली चारा छावणी आठवते. अंबाजोगाईहून समाजकार्य शिकणारी एक ताई तिथं फॉर्म भरायला आली आणि गडीमाणसांदेखत बायांना विचारू लागली, "काय अडचण आहे?" आमच्यात अडचण म्हणजे पाळी. बायांनी तोंडाला पदर लावला. "मला कसली आता अडचण, माय!" एक म्हातारी म्हणाली. फॉर्म कोरेच राहिले. तिच्या कॉलेजच्या मॅडम तपासायला येणार म्हणून ताई रडकुंडीला आली. सहावीतच शाळा सुटलेली मी भीत भीत म्हणाले, "ताई, तरास इचारा." मग बाया थांबेचनात. ताईनं फॉर्मवर 'मार्गदर्शक'पुढं माझं नाव लिहिलं. मॅडमनी "ही कितवी शिकलीय?" म्हणत ते लाल पेनानं खोडलं. अजूनही फॉर्म भरताना कुणी खोडेल म्हणून मी माझं नाव सगळ्यात शेवटी लिहिते. पण ताईनं ते लिहिलं होतं.