कुंकू लावलेलं पिस्तूल

अमेरिकेतल्या आमच्या शुगर लँडच्या घरात खरं पिस्तूल नाही. ते नेमबाजीच्या रेंजवरच्या लॉकरमध्ये असतं, ही नवऱ्याची अट. घरात असतं ते निळं, सरावाचं. त्यातून गोळी सुटत नाही. चाप ओढला की आतल्या गॅसमुळे हाताला खऱ्यासारखा सणसणीत झटका बसतो आणि नळीतून निघालेल्या लेझरचा लाल ठिपका समोरच्या भिंतीवर क्षणभर दिसतो. पन्नाशी उलटलेली बाई गराजमध्ये उभी राहून भिंतीवर ठिपके पाडते, हे आमच्या मराठी मंडळात बरेच दिवस चघळायला पुरलं.

मला मात्र रेंजच्या महिला टीममध्ये जायचंच होतं. वसंतात झालेल्या निवड चाचणीत मी सपशेल आपटले होते. झटका बसणार या धास्तीनं चाप ओढण्याआधीच माझा हात खाली दबायचा आणि गोळ्या निशाणाच्या कागदाच्या तळाशी जायच्या. ते निळं पिस्तूल त्यासाठीच आणलं. अख्खा उन्हाळा, गराजची भट्टी झालेली असताना, मी रोज झटके खाल्ले आणि हाताची भीती मोडून काढली. मी मुळातच हट्टी आहे. कोणी "जमणार नाही" म्हटलं की मला चेव येतो. आणि नवरा तेच म्हणत होता, फक्त गोड शब्दांत. "अगं, हॉबी म्हणून ठीक आहे ना यार. सिलेक्ट व्हायलाच पाहिजे असं थोडंच आहे?"

भीती गेली, पण तिच्या जागी दुसरी खोड लागली. चाप ओढताओढताच मी मान वर करून ठिपका कुठे पडला ते बघायची. मान हलली की नेम हललाच. आमच्या प्रशिक्षक बाई सांगून थकल्या. नजर पिस्तुलाच्या टोकावर ठेव, भिंतीचं भिंत बघून घेईल. पण परीक्षेत पेपर लिहितानाच मार्क मोजणाऱ्यांतली मी, मला कुठला धीर निघायला!

दुसऱ्या चाचणीच्या आठवड्यातच खंडेनवमी आली. नागपूरहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी हॉलमध्ये पाट मांडला. त्यावर सुऱ्या, कात्री, नवऱ्याचा लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या आणि मधोमध, मानाच्या जागी, माझं निळं पिस्तूल, झेंडूच्या फुलांसकट. "घरात शस्त्र असून त्याची पूजा नको का?" त्या म्हणाल्या. मला गंमत वाटली आणि बरंही वाटलं. त्या घरात माझ्या नेमबाजीला प्रथमच कोणीतरी मान दिला होता.

दुसऱ्या दिवशी सरावाला उभी राहिले. चाप ओढला, झटका बसला, पण ठिपका नाही. पुन्हा ओढला. भिंत कोरीच. बॅटरी बदलली, तरी तेच. लेझर बिघडला असणार म्हणून नवा मागवला, तर तो चाचणी झाल्यावर येणार होता. मी रडकुंडीला आले.

"ठिपका नाही तर नाही," गराजमध्ये माझ्या बाजूला खुर्ची टाकून बसत सासूबाई म्हणाल्या. "मी आहे ना. बघते तू काय करतेस ते."

त्यांना नेमबाजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सून कुठे चुकते हे हेरण्यात त्यांचा हात कोण धरणार? "मान! काहून उचलतेस? तिकडे काय ठेवलंय बघायला?" तिकडे खरंच काही नव्हतं. मग मी कशाला बघू? चाचणीपर्यंत मी नुसते झटके खाल्ले, नजर टोकावर रोवून. मागून येणारं "मान!" कमी होत गेलं आणि शेवटी बंद झालं.

चाचणीला मी कागदाकडे पाहिलंच नाही. प्रशिक्षक बाईंनी तो काढून माझ्या हातात दिला तेव्हा पाहिलं. मधोमध, एका तळहाताखाली झाकतील इतकी जवळजवळ भोकं होती. टीममधली शेवटची जागा माझी झाली. मला अभिमान वाटला, अगदी उघडउघड, भर पार्किंगमध्ये ओरडावंसं वाटण्याइतका. आणि मी ओरडलेही.

घरी येऊन निळं पिस्तूल पुसायला घेतलं. कापसाची काडी नळीच्या तोंडात फिरवली, तर लालभडक होऊन बाहेर आली. चाप ओढला. भिंतीवर ठिपका हजर.

"आई, कुंकू कुठे लावलं होतं तुम्ही?"

"तोंडाला. ओलं करून, चांगलं बोटभर. शस्त्राचं काम तिथूनच होतं ना?"

मी हसत सुटले आणि त्यांना सगळा प्रकार सांगितला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला, लाल काडी निरखून बघितली आणि लगेच नागपूरला जावेला व्हिडिओ कॉल लावला. भोकं पडलेला कागद कॅमेऱ्यासमोर धरून त्या म्हणाल्या, "हे बघ. आमच्या सुनेचा नेम. मी शिकवला."

मी त्यांना अडवलं नाही. उलट कागदाची दुसरी बाजू मीच धरली, नीट दिसावा म्हणून.