भिंतीपलीकडे जाऊ नये असा आवाज

तार प्रयोगशाळेच्या पत्त्यावर आली. मी दिवसा वसतिगृहात सापडत नाही हे माझ्या वडिलांना, आबांना, ठाऊक होतं. 'अक्का गेली. निघ.' एवढाच मजकूर होता. अक्का ही आबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या. पण सगळं घर तिला अक्का म्हणे, म्हणून मीही म्हणत असे. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. मी पुण्याहून धुळ्याला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. शेजारच्या मथुराकाकूंनी मला ओट्यावरच जवळ घेतलं आणि रडत म्हणाल्या, "तुझं वाजवणं किती आवडायचं गं त्यांना! आता कुणाला ऐकवशील?" मी मान खाली घातली. बघणाऱ्यांना ते दुःख वाटलं असेल... दुःख होतंच, पण मान खाली गेली ती शरमेनं. कारण मला गिटार वाजवता येत नाही. कधीच येत नव्हतं.

अक्काचे यजमान, आमचे काका, भुसावळला रेल्वेत गार्ड होते. स्वातंत्र्यानंतर तिथले बरेच गोरे आणि अर्धगोरे सहकारी सामान विकून, वाटून परदेशी निघून गेले. त्यांतल्या एकानं जाताना आपली स्टील गिटार काकांना दिली. ही गिटार छातीशी धरत नाहीत. मांडीवर आडवी ठेवतात आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवतात. सूर तुटत नाही, एका जागेवरून दुसरीकडे वाहत जातो. काका ती रेल्वेच्या क्लबात वाजवीत आणि घरी आले की अक्काच्या मांडीवर ठेवून म्हणत, "धर कांडी." तिचं शिक्षण एवढंच. काका गेले आणि अक्का एका ट्रंकेसह आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या त्या गिटारीसह धुळ्याला भावाच्या घरी आली. क्लबातलं वाद्य, विधवा बाई आणि आमची पाचवी गल्ली... या तीन गोष्टींचा मेळ बसणार नाही हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. आमच्या घरात कुणी तिला कधी नाही म्हटलं नाही. विषयच काढला नाही. नाही म्हणण्याची ही आमच्याकडची रीत आहे.

त्यात ही गिटार विजेवर चालणारी. तिला पोकळ पोट नाही, नुसती भरीव फळी. ॲम्प्लिफायर जोडला नाही तर तारा छेडल्या तरी हातभर अंतरावरच्या माणसाला ऐकू जात नाही. एका दिवाळीच्या सुट्टीत मी दुपारी स्वयंपाकघरात गेले, तर अक्का पाटावर बसलेली, गिटार मांडीवर, तिचं टोक भांड्यांच्या लाकडी कपाटाला टेकवलेलं आणि कपाटाच्या दाराला कान लावलेला.

"अक्का, काय ऐकतेस?"

"उंदीर," ती कान न काढता म्हणाली. "पण सुरात आहेत गं बाई."

मीही कान लावला. कपाटाच्या आतून, वाट्या-पातेल्यांमधून, एक लांबलचक सूर येत होता. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. घन पदार्थातून ध्वनी कसा वाहतो ते मी तिला तिथल्या तिथे समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी कपाटातच वाजवायचं का जन्मभर?"

त्या प्रश्नातून ॲम्प्लिफायरची गोष्ट निघाली. मी उत्साहानं बोलत सुटले. शक्ती किती हवी, कर्ण्याचा व्यास किती, आत काचेचे व्हॉल्व्ह किती, वीजप्रवाहाची गुणगुण कमी कशी ठेवायची. अक्काची अट एकच होती. "भिंतीपलीकडे जाऊ नये." भिंतीपलीकडे मथुराकाकू राहत; मधली भिंत एका विटेची, तिच्यातलं दार कायम बंद. मी म्हटलं, लहान पेटीत खालचे सूर मरतात, आवाज पत्र्यासारखा येतो. ती म्हणाली, "पत्रा तर पत्रा."

खरेदीला जळगाव ठरलं. धुळ्यात सगळे आम्हांला ओळखत, भुसावळात सगळे काकांना ओळखत. जळगावात कुणी नव्हतं. आईला सांगितलं, माझ्या मैत्रिणीकडे जातोय. पारोळा, एरंडोल करत एस.टी. पोचली तेव्हा गिटार आम्हां दोघींच्या मांडीवर लुगड्यात गुंडाळलेली होती आणि कंडक्टरनं दोनदा विचारलं होतं, "अक्का, पोर निजनं का?" अक्कानंही दोन्ही वेळा लुगडं थोपटलं होतं.

दुकान रेडिओ दुरुस्तीचं, कापसाच्या बाजाराजवळ. दुकानदारानं आधी लग्नासाठी भाड्यानं जाणारं मोठं यंत्र पुढं केलं. "हाई ल्या. एकदा लाया ना, पार पिंप्राळा गावपावत आयकी!"

"ना भाऊ," अक्का म्हणाली. भुसावळच्या वर्षांत तिची बोली पुसट झाली होती, पण अनोळखी माणसासमोर ती परत येई. "गावले नही, माले एकलीले आयकनं शे."

तो हसला. "मंग येले कानमा घाली ल्या!" त्यानं फळीवरून दोन पेट्या खाली काढल्या. एक बऱ्यापैकी, आठ इंची कर्ण्याची. दुसरी त्याच्या मिस्त्रीनं ग्रामोफोनसाठी प्लायवुडात बनवलेली, शिवणयंत्राच्या झाकणाएवढी. "वाजाडी देखा. कोन वाजाडस?"

हा प्रश्न आम्ही दोघींनीही घरून निघताना विचारात घेतला नव्हता. डोक्यावरून पदर घेतलेली पांढऱ्या कपाळाची बाई बाजारात मांडीवर गिटार घेऊन बसणार नव्हती. आणि वाजवल्याशिवाय पेटी निवडता येत नव्हती. अक्कानं माझ्याकडं पाहिलंही नाही. म्हणाली, "ही वाजाडस. कॉलेजनी पोर शे."

मी स्टुलावर बसले. गिटार मांडीवर आली, कांडी हातात आली. आयुष्यात मी ती कधी धरली नव्हती. पहिल्या फटक्याला असा आवाज निघाला की शेजारच्या दुकानातला माणूस धोतर सावरत बघायला आला. मग आणखी एक. मग कापसाच्या गाड्या सोडून तिघे-चौघे.

"नवी बँडपार्टी शे का भाऊ?"

"आमना पोऱ्याना लगीनले बलावसूत!"

"बलाव, पन नवरदेव मांडव सोडीसन पयी जाई!"

माझे कान तापले होते. समोर रस्त्यापलीकडे अक्का उलट्या पावलांनी मागं मागं सरकत होती, पदर कानामागं खोचून. पानाच्या ठेल्याशी थांबली, मान हलवली. म्हणजे ऐकू येतं. दुकानदारानं तार काढून लहान पेटीला जोडली. मी पुन्हा कांडी सरकवली. ठेल्याशी उभी अक्का हसली. म्हणजे येत नाही.

निवड झाली. मी दबक्या आवाजात तिला म्हटलं, "अक्का, दुसरी कितीतरी चांगली आहे. हिचा आवाज डब्यातला आहे."

"असू दे डब्यातला. डब्याबाहेर नको."

त्या परीक्षेत एक ढोबळ चूक होती आणि ती ओळखणं हे तिचं नाही, माझं काम होतं. बाजाराच्या गोंगाटात ठेल्यापर्यंत न पोचणारा आवाज दुपारच्या शांत गल्लीत एका विटेच्या भिंतीला कितीसा अडेल? पण मला त्या वेळी एकच गोष्ट हवी होती, त्या स्टुलावरून उठणं. शरमेनं माणसाची बुद्धी कशी बंद पडते, हे मी पुस्तकात कुठं वाचलेलं नव्हतं.

घरी पेटी गोधडीच्या घडीवर ठेवली, भिंतीपासून दूर, तोंड कापसाच्या गादीकडे. पेटीवरचा बारका लाल दिवा खिडकीतून दिसू नये म्हणून अक्कानं त्यावर खणाचा तुकडा चिकटवला. शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली तेव्हा तिनं पहिला सूर लावला. डब्यातला आवाज होता खरा... पण तो डबा कुणाच्या तरी देवघरातला असावा असं मला वाटलं. ती वाजवताना डोळे मिटत नसे. डाव्या हाताकडं अशी बघे, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

गिरणी थांबली आणि दारात मथुराकाकू. "कोण गं वाजवत होतं?"

"ही," अक्का म्हणाली. "कॉलेजात शिकली. लाजते फार, समोर नाही वाजवायची."

त्या एका शब्दानं नियम ठरून गेला. मी घरात असेन तेव्हाच गिटार वाजू शकत होती. मी पुण्याला गेले की पेटीवर शिवणयंत्राचा अभ्रा पडे आणि माझ्या पुढच्या सुट्टीपर्यंत तो तसाच राही. सुट्टीत मात्र रोज दुपारी मी दार लोटून खिडकीखाली पुस्तक घेऊन बसे आणि अक्का वाजवी. संध्याकाळी ओट्यावर कौतुक माझं होई. "बोटात जादू आहे पोरीच्या," काकू म्हणत आणि मी ते घेई. एकदा मला बघायला अमळनेरचे पाहुणे आले. माझी कीर्ती त्यांच्या कानांवर गेली होती. ते येण्यापूर्वीच अक्कानं माझ्या चांगल्या बोटाला हळदीची चिंधी बांधून ठेवली. मुलाची आई म्हणाली, "बोट बरं झालं की ऐकू हं." स्वयंपाकघरातून अक्काचं खोकल्यात बुडवलेलं हसू ऐकू आलं. ते स्थळ जमलं नाही, याचा आम्हां दोघींना सारखाच आनंद झाला.

पुढं मला संशोधनाची जागा मिळाली. प्रयोग सुट्टी पाळत नाहीत, असं मी घरी सांगू लागले आणि ते खरंही होतं. अक्का दर वेळी विचारी, "दिवाळीला येशील ना?" तिला मी हवी होते की घरात माझं असणं हवं होतं... या दोन गोष्टी मी पुष्कळदा वेगळ्या करून पाहिल्या आहेत, होत नाहीत. शेवटच्या भेटीत मी बॅग भरत होते. ती चहा घेऊन आली आणि म्हणाली, "एक दुपार आणखी थांब." मी घड्याळ पाहिलं. तिनं कप ठेवला आणि स्वतःच माझी वेणी घालायला बसली.

तेरावं झालं. सुतक असल्यामुळं तोवर वाजवण्याचा प्रश्न नव्हता आणि मला त्या आडोशाचा आधार वाटत होता. मी निघणार त्या दुपारी मथुराकाकू दशम्या बांधून घेऊन आल्या. "जाण्याआधी एकदा वाजव गं. अक्कांना बरं वाटेल."

आबा म्हणाले, "गाडी चुकेल तिची." ते माझ्याकडं न बघता म्हणाले, म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं.

मी अभ्रा काढला. पेटी गोधडीवरून उचलून खिडकीत ठेवली, तोंड गल्लीकडे करून. दिव्यावरचा खण सोलून काढला. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो; तोवर गिटार मांडीवर घेतली. मग बटण अक्कानं कधी नेलं नसेल इतकं पुढं फिरवलं आणि कांडी तारेवर ठेवली. जळगावच्या बाजारात निघाला होता तोच आवाज निघाला, फक्त मोठा. मी थांबले नाही. एकही सूर जागेवर लागला नाही. समोरच्या ओट्यावरची दोन माणसं वळून बघू लागली.

"तारा उतरल्यात का?" काकूंनी विचारलं. "जुळवून घे, जुळवून घे."

"नाही काकू. मला एवढंच येतं."

त्यांना समजायला वेळ लागला. त्यांनी आधी माझ्या हाताकडं पाहिलं, मग मधल्या भिंतीकडं. मग खाली बसल्या. "माझी आई दळताना एक चाल म्हणायची," त्या सावकाश म्हणाल्या. "ती मी अक्कांना गुणगुणून दाखवली होती. म्हटलं, पोरीला सांगा, येते का बघा. दुसऱ्या दिवशी दुपारी वाजली. तश्शी. आईसारखी दमून, मधे श्वास घेत... मी पोळपाट सोडून भिंतीला पाठ लावून बसले. आणि संध्याकाळी तुला जवळ घेतलं."

मला ते जवळ घेणं आठवत होतं.

"मला सांगायचं नाही होय?" आता त्यांचा आवाज चढला. "मी काय गावभर दवंडी पिटणार होते? अगं, तू नसतीस तरी मी म्हटलं असतं, वाजवा! रोज म्हटलं असतं!"

आबा उठून ओट्यावर गेले आणि रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले.

मी पुण्याला परतले त्याला आता काही आठवडे झाले. अक्कानं इतक्या निगुतीनं झाकलेली गोष्ट मी उघड्या खिडकीत ठेवली आणि त्यासाठी तिची परवानगी घेतली नाही. तिनं ती दिली नसती हे मला माहीत आहे. झाकण्यात मी भागीदार होते त्याची शरम आणि उघडं केलं त्याची शरम... या दोन्ही एकमेकींना छेद देतील अशी माझी अपेक्षा होती. तसं झालं नाही. त्या शेजारी शेजारी राहतात. आई लिहिते की पेटी अजून खिडकीतच आहे. मथुराकाकू तिला हात लावू देत नाहीत. दुपारी गिरणी थांबली की त्या येऊन बटण फिरवतात, दिवा लागलेला बघतात आणि तिची नुसती गुणगुण ऐकत पोळपाटावर पापड लाटतात. त्यांनी मधलं दारही आता उघडं टाकलं आहे.

खणाचा तो तुकडा मी पुस्तकात घालून आणला. एरवी हिरवा आहे. दिवा होता तेवढीच जागा, टिकलीएवढी, उष्णतेनं जेमतेम तपकिरी झाली आहे. बाकीचं कापड नवं असावं तसं आहे. इतकं कमी तापलं ते... मी घरी नसायचे म्हणून.