नाव न घातलेला खुबा

आपली प्रत्येक वस्तू कोणीतरी बदलून नेणारच, यावर आमच्या मावसाजींचा जितका विश्वास होता तितका जगातल्या कुठल्याही माणसावर नव्हता. अमरावतीच्या त्यांच्या घरात नाव न घातलेलं भांडं सापडायचं नाही. वाट्या-पेले सोडाच, चहाची गाळणी आणि किसणीसुद्धा त्यांच्या नावाची. लग्नाच्या पंगतीत ते चपला दिसतील अशीच जागा धरायचे, मग वाढपी तिथवर पोचो न पोचो. सून अकोल्याहून आली तेव्हा तिच्या माहेरच्या भांड्यांवरही त्यांनी पहिल्याच आठवड्यात आपलं नाव घालून घेतलं. "उद्या उचलून मायेरी घेऊन गेली त?" असं मावशीच्या कानात म्हणाले. त्यांचं कानातलं बोलणं शेजारच्या घरातही ऐकू जायचं.

असे मावसाजी न्हाणीघरात घसरले आणि खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, स्टीलचा गोळा बसवू, चालायला लागाल. नाहीतर अंथरूणच धराल.

"बसवा," मावसाजी म्हणाले, "पण आंधी त्याच्यावर माहं नाव घाला. आत नेल्यावर कोण पायते, कोणाचा कोणाले बसवला?"

डॉक्टरांना हसू आलं, मावसाजींना नाही. मुलाचं त्यांनी ऐकलं नाही, माझं तर नाहीच. शेवटी सून पुढे झाली. ती कॉलेजात फिजिक्स शिकवते, आणि तिचं संशोधन नेमकं असल्याच स्टीलवर.

"बाबा, या गोळ्याच्या स्टीलमंधी नायट्रोजनचे आयन लय जोरानं घुसवले हायेत. ते लोखंडाच्या अणूंच्या मधात दाटून बसते, म्हणून वरचा थर कडक होते, लवकर झिजत नाई. पण तो थर केसाहून लय पातळ. नाव कोरलं त तोच फुटन, अन् तिथूनच गंज लागन."

"दिसते का तो थर?"

"नाई."

"वजन वाढते?"

"समजन असं नाई."

"म्हणजे बाहेरचे येऊन मधात घुसले, अन् तू म्हणतं मजबूत झालं!"

"हो," ती शांतपणे म्हणाली. "इतके वर्षं मले पाहून राहिले ना?"

मावसाजींनी तिच्याकडे संशयाने पाहिलं. मग रागाने कूस बदलायला गेले, जोराची कळ आली, आणि म्हणाले, "आणा ते सहीचे कागद."

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं. मुलाने हात पुढे केला, तर त्यांनी सुनेचं मनगट धरलं. "तू कोठी जाऊ नको. बाहेर कोणी आपलं पायजे."

"इथंच बसतो मी, बाबा," ती म्हणाली.

पुढे मावसाजी त्या खुब्यावर पुष्कळ हिंडले. आता ते नाहीत. त्यांची आठवण निघाली की मला ते दार दिसतं. भ्यालेल्या लहान मुलासारखं त्यांनी तिचं मनगट गच्च धरलं होतं. स्ट्रेचर आत ढकलायची वेळ आली तरी ते सोडेनात. शेवटी नर्सनेच एकेक बोट सोडवलं.