नानांचा काळापांढरा फोटो

हसायचं नाही अशी अट घालून काही उपयोग नाही, तुम्ही हसणारच. तरी चहा संपायच्या आत सांगून टाकते!

रसायनीच्या कंपनीतून निवृत्त झाले आणि दहिवलीच्या घरात मी चित्रं काढायला लागले. आमचे चुलत सासरे, नाना, लोधिवलीला असतात. त्यांच्या पंच्याहत्तरीला त्यांचंच चित्र भेट द्यायचं, तेही त्यांना पत्ता लागू न देता, असं मी ठरवलं. आणि मी ठरवलं म्हणजे ठरवलं!

चित्र झालं. पण काहीतरी खटकत होतं. काय, ते मात्र कळेना. चित्रकलेच्या क्लासमधल्या बाई सांगायच्या, आपल्याच चुकीची आपल्या डोळ्यांना सवय होते. म्हणून चित्र आरशात बघायचं, उलटं ठेवून बघायचं, डोळे किलकिले करून बघायचं. आणि मोबाइलवर फोटो काढून त्यातले रंग घालवायचे, म्हणजे उजेड-सावली कुठे फसली ते कळतं.

नेलं चित्र कपाटाच्या आरशासमोर. अगं बाई! एक कान भुवईला, दुसरा हनुवटीला! कान जागेवर आणले. मग चित्र उलटं ठेवलं. तेवढ्यात आमचे हे बाजारातून आले.

"वा! भोपळा झकास जमलाय गं!"

ते नानांचं टक्कल होतं.

दुसरं कुणी असतं तर ब्रश फेकून दिला असता. मी? मी पदर खोचला! टक्कल आवरलं, तर कपाळ गेलं. कपाळ आणलं, तर नाक लांबलं. घरात रोज खिचडी शिजत होती, पण मी हटले नाही.

शेवटी फोटो काढून त्यातले रंग घालवले. लोधिवलीच्या जाऊबाईंची नजर बारीक, म्हणून त्यांना पाठवायला गेले. गेला तो खानदानाच्या ग्रुपवर! खाली 'चुका सांगा' लिहायचं राहिलं ते राहिलंच. मला पत्ताच नाही; मी फोन बंद करून चार्जिंगला लावला आणि पुन्हा नानांच्या नाकाला भिडले.

आता विचार करा. काळापांढरा म्हातारा माणूस, खाली एक शब्द नाही. लोक काय समजणार?

दुपारी दारात टेंपो थांबला. डोळ्यांना पदर लावून जाऊबाई उतरल्या. मागोमाग पुतणे, त्यांच्या बायका, सगळे गंभीर. आणि सर्वांत शेवटी, हातात हार घेऊन... साक्षात नाना!

जाऊबाईंनी मला मिठीच मारली. "कधी गेले गं?"

"कोण?"

"असं काय करतेस? फोटो तूच टाकलास ना ग्रुपवर? सगळ्यांनी श्रद्धांजल्या वाहिल्या. तुझा फोन लागंना. आमी म्हटलं, तुझ्या माहेरचं कुनीतरी मोठं मानूस गेलं."

मी कपाळाला हात लावला. ते बघून नानांना आणखी भरून आलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"धीर धर, पोरी. चेहऱ्यावरनंच वाटत व्हतं, मानसानं लई सोसलंय. बरेच दिस आजारी व्हते काय?"

"नाना... ते तुम्ही आहात."

टेंपोवाल्यानेसुद्धा गाडीचं इंजिन बंद केलं.

नाना चित्रापाशी गेले. चष्मा काढला, पुसला, घातला. डोळे किलकिले केले. मान वाकडी करून पाहिलं.

"ह्यो मी हाय?"

"हो."

"मंग बरं झालं गं, मी फोटोत वळखलं नाय. वळखलं असतं तर तिथंच गेलो असतो!"

सगळं घर खदखदून हसलं. मी सोडून! मी खुर्ची पुढे ओढली, नानांना बसवलं आणि ब्रश उचलला. आता समोर बघून काढणार, चुकायचं कामच नाही.

"नाना, अजिबात हलू नका."

तशा जाऊबाई मागून ओरडल्या, "जरा हलत ऱ्हावा हो नाना! नायतर लोक परत टेंपो करून यायचे!"